सूर्यास्त रंगवला, पण दुपार वाटते

गणपतीपुळ्याच्या मोबाईल फोटोवरून तुम्ही जलरंगात केलेला सूर्यास्त पाहिला. केशरी ओतलंय, तरी संध्याकाळ होत नाही, आणि लातुरात बसून समुद्राचा उजेड शिकायचा कसा, असं विचारलंय. आधी चित्राचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. आकाश, पाणी, वाळू सगळं एकाच करड्यात निघेल. घोटाळा आधी टोनचा, म्हणजे रंग किती उजळ-गडद याचा आहे; केशरी कमी पडल्याचा नाही.

दुसरी गोष्ट शेजारच्या रंगाची. फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८७२ च्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्रात ल आव्र बंदरावरचा केशरी सूर्य करड्या प्रतीत जवळपास गायब होतो, कारण तो भोवतीच्या आकाशाइतकाच उजळ आहे. पेटतो तो शेजारच्या निळसर राखाडीमुळे. तुमच्याकडे केशरीला असा शेजारच नाही. अल्ट्रामरीन निळ्यात थोडं बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून राखाडी करा, अर्ध्याहून जास्त आकाश तिला द्या.

तुमच्या चित्रातला काळाकुट्ट डोंगरही मोबाईलचाच. सूर्याकडे धरला की कॅमेरा सावल्या बुडवतो. डोळ्याला तिथे निळा-जांभळा दिसतो. शिवाय किनाऱ्यावरची हवा दमट, त्यामुळे दूरचा डोंगर आकाशात विरतो. आपण पावसाळ्यानंतरच्या कोरड्या हवेत बालाघाटच्या धारदार कडा बघत वाढलो, हात तशीच कड काढतो. ओल्या कागदावर सोडा तो डोंगर.

पाण्यासाठी कोकण गाठायची गरज नाही. पैठणला जा. जायकवाडी धरण नाथसागर जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे, म्हणजे तिकडच्या काठावरून संध्याकाळी सूर्य कोकणासारखाच पाण्यापलीकडे उतरतो. लाटा तशा नसतील, पण नियम तोच: दूरचं पाणी तिरप्या नजरेला आकाश दाखवतं, पायाजवळचं तळाचा रंग दाखवतं. तुम्ही वरून खालपर्यंत एकच निळा फिरवलाय. चमकत्या पाण्याचा पट्टाही तिरपा गेलाय. तो सूर्याच्या बरोबर खाली, सरळ तुमच्याकडेच यायला हवा. त्यासाठी कोरा कागद आधीच राखून ठेवा, नंतर पांढरा रंग लावला की खडूसारखा दिसतो.

राहिलं आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये इथे आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा थर) अर्ध्यात वाळतो आणि कडा उमटतात. ३०० जीएसएमचा जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून गुळगुळीत पाटीवर चिकटवा, पहाटे बसा, पंखा बंद. घाम येईल, इलाज नाही.