२०२१ मध्ये फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले, तो सायबर हल्ला होता का?

नाही, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी नेहमीच्या देखभालीदरम्यान दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे या तिन्ही सेवांची मालक असलेल्या फेसबुक कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तुटले, आणि अशा आज्ञा अडवणाऱ्या तपासणी-प्रणालीतही दोष असल्याने ती अडली नाही, असा खुलासा कंपनीने दुसऱ्याच दिवशी केला. जाळे तुटताच डीएनएस सर्व्हरांनी (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरील पत्ता सांगणाऱ्या संगणकांनी) आपले मार्ग इंटरनेटवर जाहीर करणे आपोआप थांबवले, म्हणून सर्व्हर चालू असूनही कोणाच्याही फोनला त्यांचा पत्ता सापडेना. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही याच जाळ्यावर अवलंबून होती (खरी गंभीर बाब हीच), त्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले व सुमारे सहा तास गेले. मात्र सेवा बंद पडण्याचे कारण प्रत्येक वेळी हेच नसते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने विंडोज संगणकच बंद पाडले होते.