वाचकांचे प्रश्न : पहिल्या किलोमीटरने केलेला घोटाळा

प्रश्न : ८ किलोमीटरच्या क्रॉस-कंट्रीत (माळरान-गवतावरची शर्यत; २ किलोमीटरच्या ४ फेऱ्या) मला ३७:४० लागली. गेल्या वर्षी याच मार्गावर ३५:२० होती. यंदा सराव उलट जास्त झालाय. ट्रॅकवर १० किलोमीटर ४१:३० मध्ये धावतो. फेऱ्यांच्या वेळा ८:०८, ९:२५, १०:००, १०:०७. पहिला किलोमीटर ३:४८. मैदान ओलं होतं, बुटांना ६ मिलिमीटरचे स्पाइक्स (तळाला लावायचे टोकदार खिळे) होते. आदल्या रात्री जेवण जेमतेम झालं होतं. त्यामुळे ताकद संपली असेल का?

उत्तर : जेवणाला दोष देऊ नका. एका हलक्या जेवणाने चाळीस मिनिटांच्या आत स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा संपत नाही.

आधी ३७:४० खरोखर किती वाईट, ते पाहा. ओल्या आणि कोरड्या मैदानावरच्या वेळा थेट ताडून पाहता येत नाहीत. दोन्ही वर्षांचे निकाल घेऊन दोन्ही वेळी धावलेले पाच-सहा जण शोधा आणि ते सरासरी किती मंदावले ते काढा. समजा, १:२० निघाले. तर तुमच्या २:२० पैकी तुमचं स्वतःचं नुकसान एकच मिनिट. (घड्याळातल्या जीपीएसवर फार विसंबू नका. वळणावळणाच्या मार्गावर ते अंतर बरेचदा कमी मोजतं आणि वेग आहे त्याहून मंद दाखवतं.)

आता ते एक मिनिट. ४१:३० म्हणजे किलोमीटरला ४:०९. ३:४८ हा तुमचा साधारण ३ किलोमीटरच्या शर्यतीचा वेग झाला, तोही सपाट ट्रॅकवरचा. ओल्या जमिनीत त्याला आणखी जोर लागला असणार. रस्त्यावर असं फार जोरात सुटण्याची चूक झाली तर वेग थोडा उतरवून सावरता येतं. इथे प्रत्येक वळणाला वेग तुटतो आणि परत उचलावा लागतो, त्यामुळे भरलेला दम उतरतच नाही. तिसरी आणि चौथी फेरी जवळजवळ सारखी आहे. म्हणजे जिद्द कमी पडली नाही, पाय अर्ध्यावरच जड झाले होते.

मार्ग पुढे अरुंद होत असेल तर जोरात सुटावंच लागतं, नाहीतर गर्दीत अडकाल. पण ते २००-३०० मीटरच. मग श्वास लयीत येईपर्यंत वेग उतरवायचा. याचा मुद्दाम सराव करा : गवतावर २०० मीटर जोरात, न थांबता लगेच ८ मिनिटं १० किलोमीटरच्या शर्यतीइतक्या जोराने, मग ३ मिनिटं हळू जॉगिंग. असं तीनदा, आठवड्यातून एकदा. जोडीला चढावर ४५ सेकंदांच्या ८ धावा, पण माथ्यावर थांबू नका, पुढे आणखी १० सेकंद धावा. बहुतेक जण माथ्यावर सैल पडतात आणि तिथेच मागचे पुढे निघून जातात.

६ मिलिमीटरचे स्पाइक्स सिंथेटिक ट्रॅकसाठी ठीक. ओल्या गवतावर १२ आणि गाळात १५ लागतात, नाहीतर दर पावलाला पाय थोडा मागे घसरतो आणि पोटऱ्या लवकर भरून येतात. मात्र टणक जमिनीवर तेच लांब स्पाइक्स तळव्याला टोचतात. दोन्ही संच आणि ते बदलायची किल्ली बरोबर ठेवा, मार्ग चालून पाहा आणि मगच बदला.

हे सगळं ४-५ दिवस फक्त हळू धावून झाल्यावर. निकालाचा राग दुसऱ्याच दिवशी इंटरव्हलवर (मध्ये विश्रांती घेत जोरात धावण्याच्या सरावावर) काढू नका. हळू धावतानाही दोन-तीन आठवडे थकवा राहिला, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या.

प्रश्न : संघात चौघांचेच क्रमांक धरतात. मी आमच्या संघात पाचवी आले, म्हणजे धावणं वाया गेलं का?

उत्तर : नाही. अशा स्पर्धांत संघातल्या पहिल्या चौघींच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि कमी बेरजेचा संघ जिंकतो. तुम्ही प्रतिस्पर्धी संघाच्या चौथीच्या पुढे आलात, तर तिचा क्रमांक एकाने खाली जातो आणि त्यांची बेरीज एकाने वाढते. संघाचा निकाल किती गुणांनी लागला, ते बघा.