चिनीमातीचा घोडा? मुळीच नाही!

प्रश्न असा आलाय: चीनच्या तांग राजवटीच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) थडग्यांत सापडणाऱ्या रंगीत घोड्यांना 'चिनीमातीचे घोडे' म्हणावं का, आणि मृताबरोबर थडग्यात ठेवायच्या अशा वस्तूंना चिनीत 'मिंगची' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं?

पहिल्याचं उत्तर: नाही. चीनमधली आणि मातीची, एवढ्यावरून वस्तू चिनीमातीची ठरत नाही. चीनमधल्या शीआन शहराजवळ १९७४ साली सापडलेल्या, पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैन्यालाही 'चिनीमातीचे सैनिक' म्हणणारे मला वारंवार भेटतात. अहो, ती साधी भाजलेली माती, तिला झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थरसुद्धा नाही! चिनीमाती भाजायला तेराशे अंशांच्या आसपास आच लागते. मग ती काचेसारखी घट्ट होते, टिचकी मारली की खणखणते. तांग घोड्याची माती पांढरट असते, मान्य. पण त्याची झिलई शिशाची, आठ-नऊशे अंशांतच वितळणारी. तांब्याने हिरवी, लोहाने मधासारखी पिवळी, कोबाल्टने निळी. त्या काळच्या रांजणांवर तिचे ओघळ तळाशी पोचण्याआधीच थांबलेले दिसतात. चिनी नाव 'सानत्साय', म्हणजे तीन रंग. शिशामुळे ही भांडी जेवणाखाण्याच्या कामाची नव्हेत. ती घडवली मुख्यतः मृतांसाठी.

आता 'मिंगची'. 'ची' म्हणजे पात्र, साधन. गंमत आहे ती 'मिंग'मध्ये. हे अक्षर लिहितात सूर्य आणि चंद्र शेजारी-शेजारी काढून. अर्थ उजळ, तेजस्वी. 'लीजी' या प्राचीन विधिग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी कारण दिलंय: मेलेल्याला निव्वळ मेलेला समजणं निर्दयपणाचं, जिवंत समजणं अडाणीपणाचं. म्हणून त्याला वस्तू द्यायच्या, पण वापरता न येणाऱ्या. वाद्याला तारा आहेत, सूर लावलेले नाहीत. घंटा आहेत, टांगायला चौकट नाही. मृताला तेजोमय, देवरूप मानायचं, म्हणून हे 'मिंग'.

तांगच्याही आधीच्या हान राजवटीच्या काळातली हिरव्या झिलईची मातीची चूल बघा. वरच्या पृष्ठावर मासे, पळ्या उठावात घडवलेल्या, जागच्या हलतच नाहीत. विहीर, धान्याची कोठारं, डुकरांचा गोठा, सगळं असंच, लहान आकारात.

काही अभ्यासक 'मिंग'साठी 'अंधार, परलोक' अर्थाचं दुसरं, त्याच उच्चाराचं अक्षर लिहितात आणि दोन्ही सारखीच मानतात. मला हे अजिबात पटत नाही. ते लेखन मागाहूनचं आहे, आणि त्याने मूळ कल्पना पार उलटी होते: उजेडाचा अंधार होतो! 'थडग्यातली भांडी' हे भाषांतरही तसंच आंधळं. घोडा काय भांडं आहे?

आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे: दिव्य. 'दिव्' म्हणजे चमकणे. त्यातूनच 'देव', त्यातूनच 'दिव्य'. तेज आणि देवत्व एकाच शब्दात, थेट 'मिंग'सारखं. दोन भाषांचं एकमेकींशी नातं नाही, तरी दोघींनी देवत्व उजेडातच पाहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. कुणी म्हणेल, 'दिव्य' म्हटलं की अग्निदिव्य आठवतं. आठवू दे की! भट्टीतून निघालेल्या घोड्याला ते शोभतंच.

तेव्हा 'दिव्यवस्तू' लिहा, पात्र असेल तिथे 'दिव्यपात्र'. पहिल्या उल्लेखाला 'मिंगची' जोडा, पुढे गरज नाही.