शेंडेफळाला टीम सांभाळता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: "तिघा भावंडांत मी धाकटा. ऑफिसात आठ जणांची टीम माझ्याकडे देतायत. आई म्हणते, आधी दादाला विचार, तुला कुठे सवय आहे! जन्माच्या क्रमावर नेतृत्वगुण खरंच ठरतात का?"

मी मधली. वर दादा, पाठीवर धाकटा भाऊ. तालुक्याच्या गावी आमची पिठाची गिरणी. संध्याकाळी शाळेतून आला की दादा तिथे बसायचा. गिरणीत बसणं म्हणजे नुसतं दळण ओतणं नव्हे. डब्यांची रांग, कोणाचं आधी यावरून वाद, बाजरीच्या मागोमाग माझे गहू घालू नकोस म्हणणाऱ्या काकू, उपवासाच्या दळणाला जातं साफ आहे ना हे तीनदा विचारणाऱ्या आजी. वर लोडशेडिंग. वीज जायला वीस मिनिटं उरली की कोणाचं दळायचं आणि कोणाला "उद्या या" म्हणायचं, हे तिथे बसलेल्यानं ठरवायचं. चौदा वर्षांचा दादा ते ठरवायचा आणि बाप्ये-बाया ऐकायच्या. पोरगा उपजत पुढारी आहे, असं सगळे म्हणत.

मग दादा डिप्लोमाला बाहेरगावी गेला आणि किल्ल्या माझ्याकडे आल्या. मी तेरा वर्षांची होते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी. पहिल्याच आठवड्यात एका बाईंचा डबा मी मागे ठेवला, तर त्या तडक बाबांकडे गेल्या. बाबा म्हणाले, "गिरणीत ती बसते, तिलाच विचारा." बाई परत आल्या, कुरकुरत रांगेत उभ्या राहिल्या. वर्षभरानं लोक म्हणायला लागले, ही अगदी दादाच्या वळणावर गेलीय. मला आजही वाटतं, ते वळण मला गिरणीतल्या त्या स्टुलानं आणि बाबांच्या त्या एका वाक्यानं लावलं.

थोरला जबाबदार, मधला तडजोड करणारा, धाकटा लाडावलेला, ही विभागणी आपल्या घराघरांत असतेच. तिला मानसशास्त्रात जागा दिली ती व्हिएन्नाच्या आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ते स्वतः दुसरे अपत्य होते. पण २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली, तेव्हा बोलका-अबोल, शिस्तीचा-बेशिस्त, शांत-चिडका अशा गुणांवर जन्मक्रमाचा म्हणण्यासारखा परिणाम सापडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ३ लाख ७७ हजार शाळकरी मुलांच्या अभ्यासातही फरक जवळपास नगण्यच निघाला.

मग आपल्याला तो इतका ठळक का दिसतो? कारण आपण बारा वर्षांच्या ताईला आठ वर्षांच्या भावाशेजारी बघतो. ताई समजूतदार दिसणारच, ती चार वर्षांनी मोठी आहे. भाऊ बारा वर्षांचा होईतो ती सोळाची झालेली असते, त्यामुळे घरच्यांच्या नजरेत तो कायम मागेच राहतो. "मोठे साहेब बहुतेक थोरलेच असतात" हेही तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होती. दोन मुलांच्या घरात निम्मी मुलं थोरलीच, आणि एकुलतं एक तर थोरलंच धरलं जातं. जिकडेतिकडे थोरले दिसले तर नवल काय?

तरीही क्रमाचा काहीच परिणाम नाही, असं मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या नोंदी आणि पुढचे व्यवसाय जोडून पाहिले, तेव्हा आधी जन्मलेले पुरुष जबाबदारी घ्यायला, पुढाकार घ्यायला जास्त तयार दिसले. व्यवस्थापकाच्या जागांवरही थोरल्यांचं प्रमाण जास्त होतं, तर स्वतःचा धंदा काढणाऱ्यांत धाकट्यांचं. कारण जन्मानंतरच्या वातावरणात सापडलं. नंतरच्या मुलांकडे आईवडिलांचं लक्ष कमी पडतं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नॉर्वेतला २००७ चा अभ्यास. सैन्यभरतीला आलेल्या सुमारे २ लाख ४१ हजार तरुणांच्या बुद्धिमापन चाचणीत थोरल्यांना दुसऱ्या अपत्यापेक्षा दोन-तीन गुण जास्त मिळत होते. फरक बारीकच. पण ज्या दुसऱ्या मुलाचं थोरलं भावंड लहानपणीच वारलं होतं आणि जो घरात थोरला म्हणून वाढला, त्याचे गुण थोरल्यांइतकेच आले. जन्म दुसरा, जागा पहिली, आणि परिणाम जागेचा.

हे वाचलं तेव्हा मला माधवराव पेशवे आठवले. नानासाहेब पेशव्यांचे ते दुसरे चिरंजीव. थोरले विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले, जूनमध्ये नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांवर पेशवाई आली. दोनच वर्षांत राक्षसभुवनला त्यांनी निजामाला हरवलं. सख्ख्या काकांशी, राघोबादादांशी, झगडत कारभार हातात घेतला. सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला गेले, तोवर पानिपतात खचलेलं राज्य सावरलेलं होतं. विश्वासराव परतले असते तर माधवराव इतिहासात कुठे असते? आणि बाबासाहेब तर चौदावं अपत्य.

आपल्याकडे ही जागा वाटून देण्याची पद्धतच क्रमावर बेतलेली आहे. एकत्र हिंदू कुटुंबाचा 'कर्ता' म्हणजे सर्वांत ज्येष्ठ पुरुष, असं कायदाही वर्षानुवर्षं मानत आला. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला आणि २०१५ च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ज्येष्ठ मुलगीही कर्ता होऊ शकते असा निकाल दिला. ताई पात्र ठरली याचा मला फार आनंद आहे. पण ज्येष्ठपणाची अट तिथेही आहेच.

आता धाकट्याचं सांगते, कारण तुम्ही त्याच्या जागी आहात. त्याला आम्ही गिरणीची किल्ली कधी दिलीच नाही. "राहू दे, तुला नाही जमणार" हे तो चौदाचा असताना म्हटलं आणि चोविसाचा झाला तरी म्हणत होतो. मला याचं फार वाईट वाटतं. बाबा आजारी पडले तेव्हा दादा नोकरीत, मी सासरी, घरी तो एकटा. पहिले पंधरा दिवस त्यानं दादाला रोज फोन केले. जात्याच्या दगडाला टाकी कधी लावू, पट्टा बदलू का, उधारीवाल्याला काय सांगू. शेवटी दादा म्हणाला, "आता मला विचारू नकोस. चुकलं तर चुकू दे, गिरणी तुझी आहे." त्यानंतर त्यानं मसाला कांडायचं यंत्र घेतलं. दादानं आणि मी ते कधीच घेतलं नसतं, आम्ही बाबांची घडी मोडायला भीत होतो. आज गिरणीपेक्षा कांडपाची रांग मोठी असते.

धाकटेपणातून एक सवय मात्र लागते, ती त्याच्यात दिसली म्हणून सांगते: कोणीतरी शेवटचा शब्द बोलेल म्हणून थांबून राहणं. टीममध्ये पहिल्या आठवड्यात एखादी छोटी गोष्ट, समजा रजांचं वेळापत्रक किंवा कोणतं काम आधी, कोणालाही न विचारता ठरवा आणि तसं स्पष्ट सांगा. आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय तुम्हाला जन्मभराची आहे, ती सोडू नका. थोरल्यांना ती नोकरीत गेल्यावर शिकावी लागते, दादाला लागली.

आईचा राग मानू नका, तिच्यासाठी तुम्ही अजून आठ वर्षांचेच आहात. दादाला जरूर सांगा, पण ऑफिसला होकार कळवून झाल्यावर.