कोलेस्टेरॉल वाढले म्हणजे कर्करोगाचा धोका वाढतो का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. वडिलांच्या तपासणीत एलडीएल (रक्तातले 'वाईट' म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) १६८ आले म्हणून कर्करोगाची धास्ती घ्यावी का, हा पहिला. आणि पेशींच्या संदेशवहनात कोलेस्टेरॉलचा हात असतो असे तुम्ही वाचलेत ते खरे का, हा दुसरा. त्या एका आकड्यावरून कर्करोगाची धास्ती घेऊ नका; वाचलेत ते मात्र खरे आहे. रक्तातून वाहणारे कोलेस्टेरॉल आणि पेशी स्वतः तयार करून आपल्या आवरणात वापरते ते कोलेस्टेरॉल यांचे हिशेब बरेचसे वेगळे असल्यामुळे या दोन उत्तरांत विसंगती नाही.

मी जीवरसायनशास्त्र शिकवतो आणि हा विषय वर्गात नेहमी मेंढ्यांपासून सुरू करतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतील आयडाहो राज्यात कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे जन्माला येऊ लागली. गाभण मेंढ्यांनी साधारण चौदाव्या दिवशी कॉर्न लिली नावाची रानटी वनस्पती खाल्ली की असे होते, हे शोधायला संशोधकांना बरीच वर्षे लागली. त्या वनस्पतीतील द्रव्याला सायक्लोपामीन असे नाव मिळाले. ते गर्भातील 'हेजहॉग' हा संदेशमार्ग (पेशींना वाढीचा संदेश पोहोचवणारी प्रथिनांची साखळी) बंद पाडते, हे त्यानंतर कित्येक वर्षांनी कळले. (या मार्गाचे जनुक मुळात फळमाशीत सापडले, सस्तन प्राण्यांतील त्याच्या एका भावंडाला संशोधकांनी चक्क व्हिडिओ गेममधील सॉनिकचे नाव दिले.)

या मार्गात कोलेस्टेरॉल दोन ठिकाणी भेटते. हेजहॉग प्रथिन तयार होताना त्याच्या एका टोकाला कोलेस्टेरॉलचा रेणू कायमचा जोडला जातो, हे १९९६मध्ये दाखवण्यात आले. दुसरे ठिकाण अधिक रंजक आहे. संदेश घेणाऱ्या पेशीच्या आवरणात 'पॅच्ड' आणि 'स्मूदन्ड' अशी दोन प्रथिने असतात. स्मूदन्डला कोलेस्टेरॉल चिकटले की ते जागे होते आणि पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. एरवी पॅच्ड त्याला दाबून ठेवते, आणि ते बहुधा स्मूदन्डच्या आसपासचे कोलेस्टेरॉल हटवून हे काम करते, असे आज मानले जाते. हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटले की हा पहारा उठतो.

आता पॅच्डचे जनुकच बिघडले तर? पहारेकरी नसल्यामुळे स्मूदन्ड जागेच राहते आणि बाहेरून कोणताही संदेश आलेला नसताना पेशी विभागत सुटते. बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगात आणि लहान मुलांच्या मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमाच्या एका प्रकारात नेमके हेच घडते. येथे रक्तातले कोलेस्टेरॉल वाढलेले नसते. बिघाड जनुकात असतो. स्मूदन्डला रोखणारे व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. मेंढ्यांच्या चाऱ्यातून निघालेला धागा तिथवर पोहोचला.

रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा थेट संबंध सुचवणारा एक पुरावाही आहे. कोलेस्टेरॉलपासून शरीरात २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल बनते आणि ते इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या ग्राहीला (त्याचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटून उंदरांतील स्तनाच्या गाठी वाढवते, असे २०१३मध्ये दिसून आले. परंतु उंदरांवरील निष्कर्ष जसाच्या तसा माणसाच्या तपासणी अहवालाला लावता येत नाही.

मग स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध, घेतल्यास कर्करोग टळेल का? स्टॅटिन ज्या रासायनिक मार्गाला आवर घालते, त्याच मार्गातून रास या, अनेक कर्करोगांत बिघडलेल्या, प्रथिनाला पेशीच्या आवरणाशी बांधून ठेवणारी शेपटीही तयार होते, म्हणून ही आशा निराधार नव्हती. तरीही २७ चाचण्यांतील सुमारे १,७५,००० लोकांची माहिती एकत्र तपासली असता, जवळपास पाच वर्षांच्या वापरात स्टॅटिनमुळे कर्करोग कमीही झाला नाही आणि वाढलाही नाही, असे २०१२मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा वडिलांना डॉक्टरांनी स्टॅटिन दिले असेल तर ते हृदयासाठी आहे असे समजा आणि डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.