स्कॉटिश पूर्वज शोधताय? आधी अमेरिकेतली बाजू पक्की करा

सगळ्यात आधी एक सांगतो, स्कॉटलंडच्या रेकॉर्डमधे लगेच शिरू नका. नवीन माणूस नेमकं तेच करतो, डोनाल्ड मॅकडोनाल्ड सर्च करतो, ढीगभर नावं येतात आणि त्यातला एक आपलाच म्हणून वंशवृक्षाला चिकटवून मोकळा होतो, बघून जीव तुटतो हो. तुमचं घराणं समजा नॉर्थ कॅरोलायनाच्या केप फिअर खोऱ्यातलं असेल, जिथे 1739 ला स्कॉटलंडमधल्या आर्गाइलहून हायलँडर, म्हणजे तिकडच्या डोंगराळ हायलँड्स भागातल्या, लोकांचा मोठा जथा उतरला, तर आधी तिथलीच मृत्युपत्रं, जमिनीच्या सनदा, खरेदीखतं काढा. आणि साक्षीदार कोण, शेजारी कोण ते वहीत लिहाच, कारण ही माणसं भावकीसकट यायची, शेजाऱ्याचं मूळ गाव सापडलं की आपलंही बरेचदा तिथेच आसपास निघतं.

जहाजाच्या याद्यांची फार आशा धरू नका, अमेरिकेत त्या कायद्याने ठेवायला लागले 1820 पासून. पण 1773 ते 1775 मधे ब्रिटिश कस्टमवाल्यांनी जाणाऱ्यांच्या नोंदी केल्यात, नाव, वय, धंदा, आणि कितीतरी ठिकाणी देश का सोडला तेसुद्धा. जमिनीचा खंड वाढवला म्हणून निघालो, असं कारण वाचलं ना की तो माणूस समोर उभा राहतो.

स्कॉटलंडमधे सरकारी जन्ममृत्यू नोंदणी 1855 ची, त्याआधीचं चर्चच्या पॅरिश रजिस्टरांत, म्हणजे त्या त्या भागातल्या चर्चच्या नोंदवह्यांत बघायचं, हायलँड्सची बरीचशी उशिरा सुरू होतात. बायकांना माहेरच्या आडनावानेही शोधा, तिकडे ते लग्नानंतरही नोंदीत राहायचं. पहिल्या मुलाला बरेचदा वडलांच्या वडलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडलांचं, त्यामुळे भावंडांची नावं क्रमाने मांडून बघा.