ताटभर शंका: मेन्यू कमी वाचा, खप जास्त बघा

या खेपेला आलेली जवळजवळ सगळी पत्रं बाहेर जेवायला जाण्याबद्दलची आहेत. जूनमध्ये पोरांच्या शाळा सुरू होतात, घरात पसारा असतो, मग रविवारी स्वयंपाकघराला सुट्टी. मी ठाण्यात पाचपाखाडीत बावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं, आता बंद केलंय. त्यामुळे हॉटेलवाल्यांची बाजूही मला कळते आणि त्यांच्या लबाड्याही. काही मी स्वतः केल्यात.

ताई, आम्ही मानपाड्याला राहतो. मागच्या रविवारी घोडबंदर रोडवर नवीन उघडलेल्या हॉटेलबाहेर सव्वा तास उभे राहिलो. चौघांचं बिल २,९०० रुपये झालं. पनीरच्या दोन वेगवेगळ्या भाज्या मागवल्या, दोन्हींची चव सारखीच. आत जायच्या आधी काही ओळखता येतं का?

दोन्हींची चव सारखी लागली, कारण त्या मुळात एकच भाजी होत्या. आपल्याकडच्या बहुतेक पंजाबी किचनमध्ये सकाळी तीन-चार पातेली चढतात. एक लाल ग्रेव्ही, टोमॅटोची. एक पिवळी, कांद्याची. एक पांढरी, काजू आणि मगजबीची. पालक असेल तर हिरवी. सोळा पानांचा मेन्यू या चार पातेल्यांतून निघतो. लाल आणि पांढरी मिसळली, वरून क्रीम सोडलं की एक नाव. त्यातच ढोबळी मिरची टाकली की दुसरं. लाल ग्रेव्हीत तिखट जास्त पडलं की ती ‘कोल्हापुरी’. कोल्हापूरच्या माणसाला ती वाढून बघा एकदा! यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, इतक्या भाज्या एका संध्याकाळी दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने होणारच नाहीत. पण दोन पनीर मागवायची असतील तर एक ग्रेव्हीचं आणि एक सुकं मागवावं, म्हणजे निदान दोन चवी तरी मिळतात.

आता खुणा. रांग म्हणजे खप नव्हे, हे पहिलं. रविवारी रात्री नव्या पाटीसमोर रांग लागतेच. ती पाटीची रांग असते. बऱ्याचदा आत टेबलं रिकामी दिसत असतात आणि किचनला झेपत नाही म्हणून तुम्हाला बाहेर उभं करतात. खप बघायचा तर मंगळवारी दुपारी दीडला जा. तेव्हा आजूबाजूच्या बँकांतली, दुकानांतली माणसं जेवत असतील तर तिथली डाळ त्याच दिवशीची आहे.

दुसरं, इतर टेबलांवर काय आहे ते बघा. लाजू नका, मी तर वाकून बघते. दहापैकी सात टेबलांवर एकच पदार्थ असेल तर तोच घ्या. आणि वेटरला ‘चांगलं काय आहे’ असं कधीच विचारू नका. तो महाग काय आहे ते सांगणार, त्याला तसं शिकवलेलंच असतं. ‘आत्ता पटकन काय येईल’ असं विचारा. पटकन येतं ते सारखं चाललेलं असतं, भांडं विस्तवावरच असतं. बिर्याणी मात्र यातून वगळा, ती दोन मिनिटांत आली तर सकाळची असते.

माझंच सांगते. २००९ साली शेजारी चायनीजची गाडी लागली आणि मी घाबरले. माझ्याकडे तेव्हा तीन भाज्या, आमटी आणि पोळ्या एवढंच असायचं. मी फळ्यावर अकरा भाज्या लिहिल्या. गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, फक्त ते अकरा पातेल्यांत वाटलं गेलं. रात्री प्रत्येक पातेल्यात थोडं थोडं उरायचं. टाकवत नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी ‘मिक्स भाजी’ जन्माला यायची. तिसऱ्या आठवड्यात महापालिकेतले एक कारकून, जुनं गिऱ्हाईक, डबा परत घेऊन आले. काउंटरवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, ‘बाई, कालचा फ्लॉवर आज गाजरात लपवलात.’ मी पैसे परत द्यायला लागले तर त्यांनी घेतले नाहीत, ते मला जास्त लागलं. त्याच रात्री फळा पुसला आणि चार नावं ठेवली. तेव्हापासून लांबलचक मेन्यू दिसला की मला त्या दुकानाचा फ्रीज दिसायला लागतो.

याच्या उलट चित्र बघायचं असेल तर सकाळी नऊच्या सुमाराला नौपाड्यातल्या कुठल्याही चालत्या उडुपी हॉटेलात तव्याजवळचं टेबल धरा. तव्यावर पाणी मारतात, चर्र होतं, लगेच झाडूच्या फड्याने ते पुसून काढतात, वाटीने पीठ ओतून आतून बाहेर फिरवतात. एका तव्यावर पाच-सहा डोसे. पहिला निघतो तेव्हा शेवटच्याला जाळी पडत असते. त्या वेळी तवा थंडच होत नाही, म्हणून डोसा कुरकुरीत येतो. तोच वस्ताद, तेच पीठ, पण दुपारी चारला एकट्यासाठी तवा तापवला तर डोसा चामट येऊ शकतो. खोबऱ्याच्या चटणीचंही तसंच. सकाळी ती गोडसर असते, दुपारनंतर पाणी सुटतं आणि आंबटपणा येतो. बसल्याबरोबर इडली नाहीतर वडा मागवा, आधी चटणीत बोट बुडवून चाखा, मग पुढचं काय सांगायचं ते ठरवा. स्टेशनबाहेर कुंजविहारला वडा घेताना आपण हा विचार करत नाही, कारण तिथे वडा कढईतून निघतो तो थेट आपल्या हातात. बाकीच्यांनी तसं वागावं एवढीच अपेक्षा आहे.

जुलैत नागपूरहून पाहुणे यायचेत. त्यांना आमच्या नेरुळला चांगली सुरमईची थाळी खिलवायचीय. कुठे न्यावं? (एक वाचक, नेरुळ)

हॉटेलात खुशाल न्या, पण सुरमईसाठी नको. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, माशांच्या विणीचे दिवस असतात ते. तेव्हा जुलैतली सुरमई ही बर्फातली तरी असते, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून आलेली. तिकडची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते, मग तिकडचा माल बर्फ घालून इकडे येतो. तो वाईटच असतो असं नाही. पण तुकडीचं मांस भुसभुशीत लागतं, रव्याचं कवच एकीकडे आणि मासा दुसरीकडे. आणि ‘ताजी आहे का हो’ असं विचारून त्या वेटरला पापात पाडू नका.

पावसाळ्यातलं खाणं वेगळंच असतं आणि आगरी-कोळ्यांइतकं ते कुणाला कळत नाही. तुम्ही नवी मुंबईत राहता, शेजारी करावे, सारसोळे, दिवाळे ही मूळची गावं आहेत. खाडीची कोळंबी मिळते का बघा, चिंबोरी मिळते का बघा. नसेल तर सरळ सुक्यावर या. वांगं घालून सुके बोंबील, कांद्यावर परतलेला जवळा, आणि गरम तांदळाची भाकरी. भाकरी तुम्ही बसल्यावर थापलेली हवी, वाफ निघत असलेली. रुमालात गुंडाळून आधीच ठेवलेली आली तर ती रबर झालेली असते. नागपूरच्या माणसाला सुरमई तिथेही मिळते, सुका बोंबील असा मिळत नाही. वासाला घाबरले तर सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी द्या. ठाण्याच्या कायस्थांनी त्या एका पदार्थावर कित्येक जावई खूश केलेत.

सोलकढीचा रंग बघा. कोकमाच्या आगळाची कढी फिकट गुलाबी असते, जरा मळकटच म्हणा ना. सरबतासारखी भडक असेल तर एक घोट घेऊन ठेवून द्या. सुरमईला नारळी पौर्णिमा झाल्यावर परत बोलवा पाहुण्यांना.

वाशीत जेवणाचं बिल १,८४० रुपये. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला, ‘हॉटेलचा नियम आहे’ म्हणाले. द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप जोडायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तुमचं गणित मांडून बघा. १,८४० वर १८४ चढले, झाले २,०२४. मग पाच टक्के जीएसटी त्या १८४ वरही लागला, एकूण २,१२५ रुपये २० पैसे. चार्ज काढला की बिल १,९३२ वर येतं. आवाज न चढवता ‘हा काढून नवीन बिल द्या’ म्हणा. नाही ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर त्यांच्यासमोर फिरवा. आणि वाढणारा मुलगा चांगला असेल तर त्याच्या हातात टीप द्या, फोल्डरमध्ये नको. त्या फोल्डरचा प्रवास कुठपर्यंत होतो ते मला माहीत आहे.

एक आणखी. छोट्या हॉटेलच्या बिलावर ‘कंपोझिशन’ (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असं छापलेलं असेल तर त्याला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. बिल वाचा, बडीशेप नंतर खा.

जावई इंदूरचे. ठाण्याला आले की मामलेदारची मिसळ खायचीच म्हणतात, पण तिखट झेपत नाही. नेऊ का?

न्या. कमी तिखट सांगा, शेजारी ताक ठेवा, आणि शेवेवर त्यांना भाषण देऊ नका, इंदूरच्या माणसाला ते शिकवायची गरज नाही. तर्री कमी म्हणून दुसऱ्यांदा मागू लागले तर तुम्ही मधे पडा. खाऊन झाल्यावर तलावपाळीला एक फेरी मारा.

मी कोपरीला राहतो, वय ७१. पत्नीला जाऊन दीड वर्ष झालं. दुपारी एकटाच हॉटेलात जेवतो. चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसं आणून बसवतात आणि ताक संपायच्या आत बिल पुढ्यात येतं. मुलगी म्हणते डबा लावा. मला डबा नको वाटतो.

काका, मी बावीस वर्षं डबे विकले, तरी तुमचं मला पटतं. डब्यात जेवण येतं, पण माणसांचा आवाज येत नाही.

वेळ बदला. एक ते अडीच हा हॉटेलवाल्याचा कमाईचा वेळ, तेव्हा खुर्ची अडवणारा माणूस त्याला खुपतो. मीही खुपवून घेतलंय. बाराच्या आत जा. राईस प्लेटचा पहिला घाणा असतो, पोळी तव्यावरून येते, भाजी अजून ढवळली गेलेली नसते. आणि सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. आधी प्लेट. ती निम्मी झाली की ताक. ताक आलं की म्हणायचं, ‘कॉफी नंतर सांगतो’. जोवर काहीतरी यायचं बाकी आहे तोवर बिल छापत नाहीत. रोज एकाच पोराच्या टेबलावर बसा, पहिल्या तारखेला त्याला आणि फडका मारणाऱ्यालाही थोडे द्या. पंधरा दिवसांत ते तुमची जागा धरून ठेवतील.

अनोळखी माणसांचं मात्र मी काही करू शकत नाही. मला स्वतःला ती आवडतात. दुकान बंद झाल्यापासून मी रोज चारला नौपाड्यात कॉफीला जाते. मागच्या आठवड्यात समोर एक गृहस्थ येऊन बसले. माझ्या वड्याची चटणी संपलेली त्यांनी पाहिली आणि काही न बोलता आपली वाटी माझ्याकडे सरकवली. मी बोट बुडवलं, त्यांनीही तेव्हाच चमचा लावला. आंबट झाली होती. दोघांनी एकदमच वेटरला हाक मारली.